एका कोयत्याला एक पट्टा

पेपरातली मुलाखत सुग्रीव घोलपांनी पहिल्यांदा वाचली ती दारातच, उभ्याउभ्या. दुसऱ्यांदा खुर्चीत बसून वाचली. तिसऱ्यांदा मात्र ते वाचत नव्हतेच, तांदळातला खडा हुडकावा तसं नुसतं आपलं नाव हुडकत होते, आणि खडा काही सापडेना. अलमास जाकीर शेख, वय बत्तीस, बीडची लेक, पुण्यातल्या एका संस्थेत संशोधक. काम करताना माणसाच्या शरीरावर किती ताण येतो, कुणाला किती ओझं झेपतं, अवजार हातात कसं बसावं, याचं म्हणे एक शास्त्रच आहे, आणि त्यात हिचं नाव होऊ लागलेलं. ऊसतोडणीच्या वीस बायांच्या छातीला पट्टे बांधून तिनं हंगामात पंधरा दिवस त्यांच्या काळजाचे ठोके मोजले होते. आता येत्या सोमवारी ती मोठ्या साहेबांपुढं अहवाल मांडणार, आणि बाईच्या डोक्यावर जास्तीत जास्त किती किलोची मोळी द्यायची ते त्यावरून ठरणार. फोटोत ती हसत होती. पुढच्या दोन दातांत फट, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती तशीच. आणि खाली चौकटीत, ठळक अक्षरांत : 'माझी पहिली प्रयोगशाळा म्हणजे अब्बांचं गॅरेज. माझे पहिले गुरू तेच.'

घ्या! नगर नाक्यावर मोटारसायकली दुरुस्त करणारा जाकीर झाला गुरू, आणि तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवणारे घोलप सर कोण, तर कुणीच नाही. सरांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली. गॅरेजात काय मोजत होती ती? पान्याचे नंबर? ठोके मोजायला तिला शिकवलं कुणी? कॉलेजच्या लोखंडी कपाटातला, किरणोत्सर्ग मोजणारा तो जुना गायगर काउंटर त्यांनी तिच्यासाठी बाहेर काढला होता, ज्याला प्राचार्यसुद्धा हात लावायला भीत. एका जुन्या घड्याळाची रेडियम लावलेली तबकडी त्याच्यापुढं धरली, आणि यंत्र टिक्, टिक्टिक्, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा टिक्, असं बोलायला लागलं. पोरगी कान देऊन उभी. 'सर, हे तर नाडीसारखं वाजतंय.' 'नाडीसारखं नाही,' ते म्हणाले होते, 'स्वतःची नाडी धर आणि बघ. तुझ्या नाडीला लय आहे, याला नाही. कुठला अणू कधी फुटेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण हजार ठोके मोज. मग सरासरी कशी मुकाट्यानं पुढं येऊन उभी राहते बघ.' ती खरंच हजार मोजून गेली होती, एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवून, कॉलेज सुटल्यावर, शिपाई कुलूप घेऊन ताटकळत असताना. त्या दिवशी घरी जाताना सरांना वाटलं होतं की आपल्या हातून काहीतरी झालं. असं त्यांना आयुष्यात फार वेळा वाटलं नव्हतं, म्हणून तर ते लक्षात राहिलेलं. तिला पुण्याला पाठवा म्हणून जाकीरला समजवायला तरी कोण गेलं होतं? तेच. घरून अर्ध्या तासाचं भाषण पाठ करून गेले होते, मुलींचं शिक्षण, समाज, बदलता काळ. जाकीरनं एका टायरवर फडकं मारून त्यांना बसवलं, चहा मागवला आणि पहिल्या वाक्यालाच म्हणाला, 'सर, भेजतो ना. मैं कुठं न्हाई म्हनलो? फक्त तिकडं मेसमधी खानापिना नीट मिळंल का तेवढं बघा.' भाषण तसंच पोटात घेऊन सर परत आले. आज इतक्या वर्षांनी त्यांना त्याचाही राग आला. निदान अडला असता, चार दिवस खेटे घालायला लावले असते, तर आज हिशोबात काहीतरी जमा दिसलं असतं की नाही?

'फोन करा की तिला,' वनमालाबाई आतून म्हणाल्या. 'पोरीनं नाव काढलं.' 'करतो,' सर म्हणाले. 'कधी?' 'करतो म्हणलं ना!' बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, पेपराकडं बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बाईमाणसाला पेपर वाचावा लागत नाही. 'पोटात दुखतंय व्हय?' त्या म्हणाल्या. 'ओवा देऊ का?' खरंच दुखत होतं. ओव्यानं जाणारं नव्हतं.

तेवढ्यात छबुबाई भांडी घासायला आली. छबुबाई वडवणीकडची. वीस-बावीस हंगाम ऊस तोडून गुडघे गेले तशी बीडला येऊन धुणीभांडी करायला लागलेली. लेक दिपाली आणि जावई धुळाजी अजून दरसाल कारखान्याला जात. जमिनीवर पडलेला पेपर उचलताना तिनं फोटो पाहिला आणि चित्कारलीच, 'अगं बया! सर, ही तर पट्टेवाली ताई हाय. आमच्या दिपालीच्या छातीला हिनंच पट्टा बांधलता. लई गोड बोलती बगा. दोन दिस फडात ऱ्हायली, आमच्यासंगट भाकर खाल्ली, अन् जाताना म्हनली, पट्टा पंधरा दिस दिसभर काढायचा न्हाई. मग आमच्या मान्सांनी नेमानं घातला. दोघांनी वाटून घातला.'

'वाटून म्हणजे?'

'म्हंजी तोडणीला दिपाली घाली, अन् मोळ्या वाहून गाडी भरायच्या वक्ताला धुळाजी घाली.'

'मोळ्या दिपाली वाहत नाही का?'

'वाहती की. दोघं बी वाहत्यात. बाई काय गाडीखाली बसून ऱ्हाती का, सर?'

'मग पट्टा त्यानं का घातला?'

'कावून म्हंजी?' छबुबाईला प्रश्नच विचित्र वाटला. शिकलेल्या माणसाला समजावताना वापरतात तो सबुरीचा आवाज तिनं काढला. 'एका कोयत्याला एक पट्टा दिलता. कोयता म्हंजी दोघं, नवरा अन् बायकू. मुकादमाच्या वहीत जोडप्याचं नाव नसतं, कोयता असतो. ताडपत्री कोयत्याला एक, घागर कोयत्याला एक, तसा पट्टा. एकीनंच घातला तर यंतर निम्मंच काम मोजंल की! म्हून वाटून घातला. आमच्या टोळीत समद्यांनी तसंच केलं. लबाडी न्हाई केली एका बी दिसाची. पट्टा कोयत्यावरून हालला न्हाई.'

'तिला सांगितलं का हे?'

'त्यात काय सांगायचं? चोरी थोडीच केलती,' म्हणून ती मोरीत गेली आणि नळ सोडला.

सर खुर्चीतच बसून राहिले. पोटातलं दुखणं थांबलं होतं. इतकं एकाएकी थांबलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण थांबलं होतं हे खरं. डोकं मात्र भराभर चालायला लागलं, वर्गात कधी चालायचं नाही तसं. म्हणजे तोडणीचे ठोके बाईचे आणि ओझ्याचे ठोके गड्याचे. चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, तेव्हाच तर काळीज तोंडाशी येतं, आणि नेमकं तेव्हाचं काळीज धुळाजीचं, अंगानं आडव्यातिडव्या धुळाजीचं. बाईचे म्हणून लिहिलेले आकडे कमी येणार. अहवाल म्हणणार, चाळीस किलो झेपतात बाईला. साहेब म्हणणार, शास्त्रानं सिद्ध झालं. आणि मग दिपालीनं, दिपालीसारख्या लाखभर बायांनी, शास्त्रानं सिद्ध झालेलं ओझं डोक्यावर घेऊन फळी चढायची, तक्रारीला जागाच नाही. हे सगळं त्यांना फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ दिसलं. त्यांनी फोन हातात घेतला. अलमासचा नंबर काढला. आणि मग अंगठा तसाच थांबला, कारण त्यांना एकदम कळलं की बीडमध्ये, पुण्यात, त्या संस्थेत, ही गोष्ट या घडीला फक्त आपल्याला ठाऊक आहे. कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट आपल्याला ठाऊक असणं म्हणजे काय असतं, हे संशोधनात उभी हयात घालवायला निघालेल्या माणसाला पहिल्यांदाच कळत होतं. बोलून टाकली की ती तिची होणार. ती दुरुस्ती करणार, पुन्हा पेपरात फोटो येणार, दातांची फट दाखवत. संध्याकाळी करू, ते म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, सकाळी करू.

मंगळवार गेला, बुधवार गेला. परीक्षेचं पर्यवेक्षण करत ते वर्गात फेऱ्या मारत राहिले आणि खाली माना घातलेल्या पोरांच्या मधून त्यांना स्वतःच्या पीएच.डी.ची ती बारा घरं आठवत राहिली. लिंबागणेशच्या बाजूची. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो, घरात कोंडतो, त्यातले कण प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ओरखडे काढतात. फिल्म तीन महिने छताला टांगायची, मग काढून आणायची, रसायनात धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओरखडा मोजायचा. अणूंचं शास्त्र आपल्या जिल्ह्यात आणणारा पहिला माणूस मी, असं तेव्हाच्या तरुण घोलपांना वाटायचं, आणि खोटं तरी काय होतं? तीन महिन्यांनी ते फिल्म काढायला गेले तर पहिल्याच घरातली म्हातारी, सुभद्राबाई, म्हणाली, 'थांब लेकरा,' आणि आत जाऊन तिनं ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घडीतून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, फिल्म काढून हातावर ठेवली. 'दुसऱ्या दिवशीच काढून ठिवली व्हती. पोरंसोरं हात लावत्यात, परक्याची वस्तू, हरपली मंजी?' बारांपैकी सात घरांत तसंच. कुणी ट्रंकेत, कुणी पिठाच्या डब्यात, एकीनं तर देव्हाऱ्यात. जपावं किती माणसांनी! तीन वर्षांचं काम, वय चढतंय, मार्गदर्शक मागं लागलेले, बढती अडलेली. घोलपांनी सातही फिल्म धुतल्या, ओरखडे मोजले आणि आकडे तक्त्यात भरले. प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत एकानंही विचारलं नाही की फिल्म छतालाच होत्या ना? त्या दिवसापासून ते डॉक्टर घोलप. नंतर त्यांनी संशोधनाला कधी हात लावला नाही. वेळ मिळत नाही, असं सांगत आले. मग माझं चाललं तर हिचं का नाही चालणार, ते आता मनात म्हणाले. चालतं. जगात सगळं असंच चालतं. आणि लगेच दुसरा आवाज म्हणाला, तुझ्या ओरखड्यांवरून कुणाच्या डोक्यावर ओझं चढलं नव्हतं, सुग्रीवा. हा आवाज ओळखीचा नव्हता. त्यांना तो आवडला नाही.

गुरुवारी दुपारी अलमास स्वतःच आली. ईद होऊन आठवडा झाला होता, आईनं दिलेला शीरखुर्म्याचा डबा तिनं वनमालाबाईंच्या हातात दिला, 'काकू, बदाम जास्तच पडलेत,' म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन सरांसमोर बसली. अंगानं थोडी भरली होती. हातावर ऊन लागून कोपरापर्यंत रंग बदललेला. मुलाखतीचं तिनं अवाक्षर काढलं नाही. सर वाट बघत होते. आता म्हणेल, सर, पेपरवाल्यांनी तुमचं नाव छाटलं बघा. एवढं म्हणाली असती तरी, देवाशपथ, त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं. ती म्हणाली, 'सर, एक अडकलंय. तुम्हीच बघा. हे तोडणीचे ठोके. सकाळी सात ते अकरा, मिनिटाला सरासरी एकशे सव्वीस. आणि हे गाडी भरतानाचे. एकशे चोवीस. ओझं घेऊन फळी चढताना वाढायला पाहिजेत ना? निदान एकशे पन्नासच्या वर. कमी कसे होतात?' तिचं बोट पडद्यावरच्या रेषेवर होतं. सरांनी रेषेकडं पाहिलं. रेषेत धुळाजी सरळ सरळ उभा होता. इतका उघड, की त्यांना वाटलं, हिला दिसत कसा नाही? पण तिनं तर बायांची नावं लिहिली होती, आणि माणूस आपण लिहिलेलंच वाचतो.

'पट्टे बरोबर आहेत?' सरांनी विचारलं. 'तीनदा तपासलेत.' 'मग झालं तर,' सर म्हणाले. आपला आवाज वर्गातल्यासारखा, भारदस्त निघतोय हे त्यांना ऐकू येत होतं. 'लहानपणापासून ओझं वाहतात या बाया. सवय. शरीर जुळवून घेतं. आपल्याला जे वाटतं ते आकड्यांवर लादायचं नसतं, आकडा काय म्हणतो ते मुकाट ऐकायचं असतं. हे मी तुम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलंय.' स्वयंपाकघरात वाट्या वाजल्या. अलमास रेषेकडं बघत राहिली, वरचा ओठ दातांखाली धरून, पूर्वी गणित सुटलं नाही की धरायची तसा. मग तिनं लॅपटॉप मिटला. 'तुम्ही म्हणताय म्हणजे असेल,' म्हणाली. 'तुम्हाला दाखवल्याशिवाय मला पुढं जावंसं वाटत नव्हतं.' आणि सरांच्या छातीत काहीतरी गरम पसरलं. किती वर्षांनी कुणी विचारायला आलं होतं! खोटेपणानं मिळालेला मान इतका गोड लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. शीरखुर्म्याची वाटी त्यांनी चाटूनपुसून संपवली. ती गेल्यावर वनमालाबाई म्हणाल्या, 'बघा, तुम्हाला विचारल्याबिगर पान हलत नाही तिचं. उगं जळत होता.' सर हसले. शुक्रवारी दिवसभर ते बरे होते. छबुबाई लेकीकडं वडवणीला चार दिवस जाते म्हणून सांगून गेली, तेव्हासुद्धा त्यांच्या मनात काही आलं नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. अलमास. मागं कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं, म्हणजे ती गॅरेजातूनच बोलत होती. 'सर, चूक सापडली,' ती म्हणाली, आणि तिचा आवाज पडलेला नव्हता. थकलेला होता, पण पडलेला नव्हता. 'मला झोप येईना. अब्बांना म्हणलं, ठोके कमी येतायत. अब्बा म्हणाले, बेटा, गाडीचा आवाज बदलला तर मी मीटर बघत बसतो का? चालवणाऱ्याला विचारतो. म्हणून काल वडवणीला गेले, दिपालीकडं. सर, दोघांनी वाटून घातलाय पट्टा. एका कोयत्याला एक. बाकीच्यांनाही फोन लावले, वीसच्या वीस जोड्यांनी. माझंच डोकं फिरलेलं, मी बाईला बाई समजले, त्यांच्यात कोयता असतो. मी सकाळी पुण्याला कळवलं, उद्याचं रद्द करा. पुढच्या हंगामात पुन्हा मोजू. फार ओरडले सगळे. ओरडू देत.'

रद्द करा. पुन्हा मोजू. सर फोन कानाला लावून उभे होते आणि ही दोन वाक्यं माणसाला इतक्या सहज म्हणता येतात हे पहिल्यांदा ऐकत होते. पेपरात फोटो आलेली, गावभर नाव झालेली ही पोर एका सकाळी उठून म्हणते, चुकलं माझं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण तिच्या नावावर जळतोय. नाव गेलं चुलीत. हे, हे तिच्याकडं होतं आणि त्यांच्याकडं कधीच नव्हतं. कुठून आणलं तिनं? त्यांनी तर शिकवलं नव्हतं.

'सर?' ती म्हणाली. 'हां, ऐकतोय.' मागची हातोडी थांबली. 'सर, छबुमावशी होत्या तिथं. त्या म्हणाल्या, मी सोमवारीच सांगितलं की सरांना.' सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. 'विसरला असाल तुम्ही,' अलमास घाईघाईनं म्हणाली. 'परीक्षा चालू आहेत, त्यात पेपर तपासणी, आणि त्यांचं बोलणं पण असं एकातून एक असतं. होतं सर असं. अब्बा पण हल्ली विसरतात.'

किती मायेनं बोलली! तिनं रस्ता करून दिला होता, त्यावरून नुसतं चालायचं होतं. हो गं, वय झालं, एवढं म्हणायचं, की ती उद्या पुन्हा डबा घेऊन येणार. पण विसरभोळा म्हातारा? जाकीरसारखा? तिच्या मनात आपली जागा ती? वाईट म्हण, दुष्ट म्हण, पण कीव करू नकोस.

'न्हाई,' ते म्हणाले. इतक्या वर्षांत कॉलेजात त्यांच्या तोंडून कधी न आलेला आईच्या बोलीतला शब्द होता तो. 'विसरलो नव्हतो. तू पडद्यावर रेघ दाखवलीस तेव्हाही ठाऊक होतं.'

पलीकडून तिनं विचारलं, आणि त्या आवाजात रागापेक्षा गोंधळ जास्त होता. 'मग सांगितलं का नाही, सर?'

'तू माझं नाव घेतलं नाहीस.'

बोलून झालं. स्वयंपाकघराच्या दारात वनमालाबाई येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातलं ताट तसंच होतं.

'कुठं, सर?' अलमास म्हणाली.

ती ढोंग करत नव्हती. तिला खरोखरच कळलं नव्हतं. सहा दिवस ज्या एका गोष्टीवर त्यांनी काळीज जाळलं, ती तिच्या ध्यानीमनीही नव्हती. सरांनी तोंड उघडलं. 'पेपरात' एवढा एकच शब्द होता, पण छप्पन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडून तो काही केल्या निघेना.

'सर?' ती विचारत राहिली. 'कुठं घेतलं नाही, सर?'